रस्त्यापलीकडची बोक्सिल

यांग बोक्सिलने आयुष्यभर दगड निवडले. तांदळातले खडे निवडावेत तसे कोळशातले दगड. खाणीतून वर आलेला माल पट्ट्यावरून सरकायचा. पट्ट्याच्या दोन्ही अंगांना बायका उभ्या असायच्या. कोळसा सोडून जे जे असेल ते ओढून मागे टाकायचं. दगड, लाकडाच्या ढलप्या, सुरुंगाच्या तारा, कधी कुणाचा फाटका हातमोजा. पट्टा कुणासाठी थांबत नाही. शिंक आली तरी हात चालूच ठेवायचा.

मी खांबवाला. खाणीत छताला लाकडाचे टेकू लावणं हे माझं काम होतं. खाण बंद झाली तरी कोरियाच्या डोंगरांतल्या आमच्या खोऱ्यात मला खांबवालाच म्हणतात. ज्याने खांब लावताना एकदा जरी कंटाळा केला, त्याच्याशी मी आजही नीट बोलत नाही. कंटाळ्याने लावलेला खांब दुसऱ्याच्या डोक्यावर येतो. त्यामुळे कामाच्या बाबतीत माझ्या तोंडून सहसा कुणाचं कौतुक निघत नाही. बोक्सिलवहिनीचं निघतं.

ती पट्ट्याच्या शेवटच्या टोकाला उभी राहायची. ती जागा सगळ्यांत वाईट. आधीच्या बायकांच्या हातून जे सुटलं ते तिथे पकडायचं, आणि तिथून माल खाली गाडीच्या डब्यात कोसळायचा, म्हणून धुळीचा लोट सगळा तिच्याच तोंडावर. तिथे कुणी आपणहून उभं राहत नसे. ती राहायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "इथं निदान कळतं की सुटलं ते माझ्याकडून सुटलं. मधे उभं राहून पुढचीवर ढकलायचं, ते मला जमत नाही."

तिचा नवरा को दल्सू माझ्याहून मोठा. खाणीतलं काम मला त्याने शिकवलं. म्हणून ती वहिनी.

आमच्याकडे काही गोष्टी पाळल्या जायच्या. खाणीत शीळ घालायची नाही. डब्यात भाताचे चार डाव वाढायचे नाहीत, चार हा मरणाचा आकडा. नवरा पाळीवर गेला की त्याचे घरातले जोडे बायकोने आतल्या बाजूला तोंड करून ठेवायचे, म्हणजे त्याची पावलं घराकडे वळतील. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट ही, की पाळीवर निघालेल्या माणसांना बाईने आडवं जायचं नाही. गेली, तर माणूस तिथूनच घरी परतायचा. त्याला मुकादमही काही बोलत नसे.

एका सकाळी दल्सू डबा घरी विसरला. वहिनी तान्ह्या मुलाला, इन्होला, पाठीशी बांधून डबा घेऊन धावली, आणि धावता धावता खाणीच्या फाटकासमोरचा रस्ता ओलांडून गेली. प्यो मान्सिक नावाचा एक सुरुंगवाला तेव्हा पुढे चालत होता. ती त्याच्या नाकासमोरून गेली. प्यो थुंकला, दोन शिव्या दिल्या आणि पाठ फिरवून घरी गेला. दल्सू मात्र हसला. "माझीच बायको. मला कसली आडवी जाते ती!" असं म्हणून त्याने डबा घेतला आणि आत गेला.

दुपारी छत खाली आलं. दल्सू आणि त्याच्याबरोबरची माणसं खाली राहिली.

मी दुसऱ्या पाळीला होतो. उकरायला आम्हीच उतरलो. मी तिथले खांब पाहिले. लाकूड ओलं होतं. पाचरी अर्ध्याच ठोकलेल्या होत्या. असले खांब असल्यावर जगात एकही बाई नसती तरी ते छत आलंच असतं. वर येऊन मी हे सगळ्यांना सांगितलं. उपयोग झाला नाही. ओल्या लाकडाची गोष्ट कुणी लक्षात ठेवत नाही. आडव्या गेलेल्या बाईची ठेवतात.

खाणीत मेलेल्याच्या बायकोला निवडणीच्या शेडमध्ये काम देण्याची पद्धत होती. तसं तिला मिळालं. या बायकांना कामावर जायला वेगळी वाट होती, मागून, ओढ्याच्या कडेने. समोरचा रस्ता पुरुषांचा. खाण चालू होती तोवर वहिनी त्या मागच्या वाटेनेच गेली आणि आली. ओढ्याचं पाणी काळं होतं. आमची मुलं चित्रात ओढा काढायची तर काळ्या खडूने रंगवायची.

पगाराच्या दिवशी कंपनी पुरुषांना डुकराच्या मांसाची चिठ्ठी द्यायची. चरबीबरोबर घशातली धूळ खाली उतरून जाते, असं सगळे मानत. बायकांना साबणाची वडी मिळायची. वहिनी म्हणायची, "तुमची धूळ आतली, आमची वरवरची. म्हणून तुम्हाला डुक्कर आणि आम्हाला साबण." हसून म्हणायची, पण म्हणायची.

खरं तर तिलाही तसंच वाटायचं. आम्हा सगळ्यांनाच वाटायचं. धुळीचा रोग खाणीत उतरणाऱ्याला होतो. तो अंधाराचा रोग. जी बाई दिवसाउजेडी शेडमध्ये उभी राहून घरी जाते, तिला तो कसा होईल?

खाण बंद झाली. तरुण माणसं शहरांकडे गेली. इन्हो उल्सानला जहाजाच्या कारखान्यात लागला. आम्ही राहिलो, आणि आमच्याबरोबर खोकला राहिला. माझ्या छातीत धूळ आहे. प्योच्या छातीत माझ्यापेक्षा जास्त. तो नाकात नळी घालून, ऑक्सिजनची टाकी चाकांच्या गाड्यावर घेऊन फिरतो. गाड्याला त्याने सायकलची घंटी बसवली आहे. दिवसभर आम्ही म्हाताऱ्यांच्या खोलीत खालून तापवलेल्या जमिनीवर बसतो आणि पत्ते खेळतो. बायका पलीकडच्या खोलीत असतात.

दोन वर्षांमागे पानगळीच्या दिवसांत तिथे एक मुलगी आली. नाव सेबोम. नर्सिंगच्या कॉलेजात शिकत होती आणि निवृत्त खाणकामगारांच्या धुळीच्या रोगावर तिला काहीतरी लिहायचं होतं. अशी मुलं आमच्याकडे दर वर्षी येतात. आम्हाला सवय झाली आहे. त्यांनी विचारायचं, आम्ही खोकून दाखवायचं.

"आजोबा, दम कधीपासून लागतो?" तिने प्योला विचारलं.

"लग्न झाल्यापासून."

आम्ही हसलो. तीही हसली आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. मला ते आवडलं. मुलगी अर्ध्यावर सोडणारी नव्हती.

तेवढ्यात वहिनी सातूचा चहा घेऊन आली. पेले खाली ठेवायला वाकली आणि तिला खोकला आला. तसा तो नेहमीच यायचा. ती भिंतीला धरून उभी राहिली. आम्ही पत्ते खाली न ठेवता थांबलो. मुलीने मात्र वही मिटली.

"आजी, हा खोकला कधीपासून आहे?"

"सर्दी झालीय गं."

"कधी झाली?"

"आमचा इन्हो शाळेत जायचा तेव्हा."

खोलीत हशा झाला. इन्हो आता स्वतः चष्मा लावून पेपर वाचतो. मुलगी या वेळी हसली नाही.

"तुम्ही काम काय करायचात?"

"मी कसलं काम करते! मी बाहेर असायची. पट्ट्यावर."

"बाहेर म्हणजे उघड्यावर?"

"शेड होती की. थंडीत दारं लावून घ्यायचो."

"आणि धूळ?"

"असायची. शेजारची बाई दिसायची नाही, आवाजावरून ओळखायचं. पण ती बाहेरची धूळ, पोरी. खाणीतली नव्हे."

"आजी, कोळसा तर तोच ना?"

वहिनी रिकामे पेले गोळा करायला लागली. त्यांतले दोन भरलेले होते.

प्यो म्हणाला, "आता पट्ट्यावरच्या बायकांनाही रोग झाला. उद्या म्हणशील, खाणीतल्या उंदरांनाही तपासायला न्या."

"उंदरांनी नाव दिलं तर नेऊ, आजोबा," मुलगी म्हणाली.

तिने समजावून सांगितलं. धुळीत काम केलेल्या कुणालाही तपासणीला जाता येतं, पुरुष असो की बाई. थंडीच्या सुरुवातीला घाटाखालच्या रुग्णालयाची बस आम्हाला न्यायला येते, त्याच बसने जायचं. तिथे काही दिवस ठेवतात, छातीचा फोटो काढतात, नळीत जोरात फुंकायला लावतात. रोग ठरला तर औषध मिळतं, घरी ऑक्सिजन मिळतो, हालत बिघडली तर वॉर्डात खाट मिळते. रोग ठरला नाही, तर ती सर्दी. सर्दीला कुणी ऑक्सिजन देत नाही.

हे मला माहीत होतं. मी ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांतले कितीतरी धुळीनेच गेले. ज्याला खाट मिळाली तो नळी लावून गेला. ज्याला मिळाली नाही तो घरी, उशीला टेकून बसल्या बसल्या, खिडकीकडे तोंड करून. दोन्हींत फरक आहे. तो पाहिलेल्याला सांगावा लागत नाही.

वहिनी तयार होईना. मी तिच्याकडे गेलो. कंपनीच्या जुन्या चाळीतलं सगळ्यांत वरचं घर तिचं. चढ आहे. मी तिच्यासाठी चुलीच्या कोळशाच्या वड्या घेऊन गेलो होतो, आणि ती माझ्याबरोबरच खालून येत होती. चढावर ती प्रत्येक घरापाशी थांबायची. थांबली की कुणाचं तरी वाळत घातलेलं मुळ्याचं पान नीट करायची, कुणाचं कुंपण हलवून बघायची. दम लागलाय म्हणून थांबले, असं दिसू नये म्हणून. मी तेच करतो. म्हणून मला कळलं.

"वहिनी, नाव देऊन टाका."

"तुम्हाला काय, सांगायला. ती खाट पुरुषांची आहे. त्यांनी जिवावर उदार होऊन मिळवलेली. मी शेडमध्ये उभी राहिलेली बाई, मी जाऊन तिच्यावर पडू?"

"रिकाम्या खाटेवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं."

"दल्सूला ना खाट मिळाली, ना फोटो. मला कशाला?"

मी वड्या रचून ठेवल्या आणि खाली आलो.

तिला तयार केलं ते कोबीने. थंडी पडायच्या आधी आमच्या चाळीतल्या बायका मिळून वर्षाची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालतात. कोबीचा डोंगर असतो. मिठात मुरवायची, धुवायची, मिरचीचा मसाला पानापानांत भरायचा. वहिनीचा वाटा नेहमी सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांच्या आधी संपलेला. त्या वर्षी ती अर्ध्यावर बसली. नुसती बसली, हातांत मसाल्याने माखलेले हातमोजे तसेच. ओक्हुईने, म्हणजे माझ्या बायकोने, तिची परात ओढून घेतली आणि तिच्या वाटची कोबी भरली. 

संध्याकाळी वहिनी आमच्या दारात आली. आत आली नाही. "माझ्या वाटची कोबी आजवर कुणी भरली नव्हती," ती म्हणाली. "त्या पोरीला सांगा, नाव घाल म्हणावं."

बस आली त्या सकाळी कडाक्याचं दंव होतं. आम्ही फाटकासमोर जमलो. फाटक आता नाही, नुसते दोन खांब आहेत. पण आम्ही पूर्वी पाळीच्या ट्रकसाठी जिथे उभे राहायचो तिथेच अजून उभे राहतो, रस्ता अडवून. प्योची टाकी, माझी काठी, प्रत्येकाची कपड्यांची पिशवी. बसच्या काचांवर आतून वाफ धरली होती. आम्ही एकेक जण चढलो. चढायलाच बराच वेळ गेला, कारण प्रत्येक जण वर गेल्यावर श्वास घ्यायला दारातच उभा राहतो.

चालकाने नाव पुकारलं. "यांग बोक्सिल?"

नव्हती. त्याने भोंगा वाजवला. वाट पाहिली. पुन्हा वाजवला.

"नाही येत ती," प्यो म्हणाला. "बायकांना सुईची भीती. काढा गाडी."

बस निघाली. मलाही वाटलं, मागे फिरली. तिचा स्वभाव तसा नव्हता, एवढंच मनात आलं.

तपासणी करून परतलो तेव्हा ओक्हुई जेवण वाढता वाढता गप्प होती. आमची ही गप्प असली की काहीतरी मोठं असतं.

"बोल," मी म्हणालो.

"ती आली होती."

"कोण?"

"बोक्सिलताई. तुमची बस येण्याच्या कितीतरी आधी. समोर, कोळशाच्या वड्यांच्या दुकानाच्या भिंतीला लागून उभी होती. नवे मोजे घालून, पिशवी घेऊन."

"मग चढली का नाही?"

ओक्हुई माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही सगळे रस्त्यात उभे होतात. ती तुम्हाला आडवी कशी येईल?"

मी घास खाली ठेवला आणि तसाच चढ चढून तिच्याकडे गेलो. ती चुलीपाशी बसली होती. पाय गरम पाण्यात होते.

"वहिनी, हे काय केलंत?"

"चुकली गाडी."

"चुकली कशी? समोर उभ्या होतात."

"तुम्ही पुढे गेलात की मागून येईन म्हटलं. तुमचं चढणं संपेना. संपलं तर दार लागलं. भोंगा वाजला तेव्हा मी पाऊल उचललं होतं. तर तो प्यो दाराच्या काचेतून बाहेर बघत होता. पाऊल मागे आलं."

"आम्ही काय पाळीवर चाललो होतो? खाणीच्या तोंडावर भिंत बांधून किती वर्षं झाली! रोग दाखवायला चाललेले म्हातारे आम्ही."

"तेच ना. जिवावरचंच काम ते. एकदा आडवी गेले तर काय झालं, ठाऊक आहे. आता तुमच्यातला एखादा तिथून परत आला नसता, तर?"

"ओलं लाकूड होतं, वहिनी. मी तेव्हाच सांगितलं होतं."

"तुम्ही सांगितलंत हो," ती म्हणाली. "तुम्ही एकट्यानेच सांगितलंत."

पुढची बस थंडी सरल्यावरच येणार होती. ती थंडी तिने कशी काढली ते मी भिंतीपलीकडून ऐकत नव्हतो, पण शेजारचे ऐकत होते. तिला आडवं झोपता येईना. खाली उतरणं बंद झालं. भात ओक्हुई वर नेऊन द्यायची, तर निम्मा तसाच असायचा. इन्हो आला, आईला घेऊन जातो म्हणाला. ती म्हणाली, "तुझ्या विसाव्या मजल्यावर हवा तरी असते का?" तो बिचारा रजा संपवून परत गेला. आता एवढंच उरलं होतं की बस आधी येते की दुसरं काही.

मी हे सगळं म्हाताऱ्यांच्या खोलीत सांगितलं. दुकानाची भिंत, नवे मोजे, सगळं. सांगताना प्योकडे मुद्दाम पाहिलं नाही. पत्ते वाटायची पाळी त्याची होती. त्याने गड्डी हातात धरून ठेवली. मग पत्ते न वाटताच टाकी ओढत घरी गेला. घंटीही वाजवली नाही. त्यानंतर काही दिवस तो फिरकला नाही.

वसंतात बस आली. या खेपेला जाणारे थोडे होते. प्योची तपासणी झालेली, माझीही. तरी मी फाटकापाशी गेलो, कारण मी ठरवलं होतं की तिचा हात धरून तिला बसमध्ये चढवीन. वहिनी ओक्हुईच्या आधाराने उतरून आली होती आणि त्याच भिंतीला टेकून उभी होती. समोर दोन खांबांच्या मधे चार-पाच म्हातारे. बसचं दार उघडं होतं.

तेवढ्यात घंटी वाजली. प्यो आला. टाकी ओढत, पण आमच्या बाजूने नाही. वड्यांच्या दुकानाच्या बाजूने. वहिनी त्याला पाहून भिंतीला आणखी चिकटली.

"इन्होची आई," तो म्हणाला. पुढचं बोलायला त्याला श्वास गोळा करावा लागला. "चल."

"तुम्ही व्हा पुढे. मी मागून येते."

"मी कशाला पुढे होऊ? मला कुठे जायचंय? मी तुझ्यासाठी आलोय."

"लोक उभे आहेत समोर."

"म्हणूनच म्हणतो, चल." तो थांबला. नळी नीट केली. "हे बघ. त्या दिवशी तू आडवी आलीस म्हणून मी घरी गेलो. छत आलं तेव्हा मी घोरत पडलो होतो. आजवर मी लोकांना सांगत आलो, त्या बाईमुळे माणसं गेली. कुणी मला उलटं विचारलं नाही, की मग तू कुणामुळे राहिलास? मीही नाही विचारलं. तुझ्यामुळे बाई, मी आज जगून खोकतोय. आता ये आडवी. माझ्या नाकासमोरून जा."

ती हलली नाही.

"आजच्या आज जा," प्यो म्हणाला. "माझी टाकी संपेल."

ओक्हुईला हसू आलं. वहिनीने पिशवी उचलली. मी पुढे झालो नाही, हात धरायला गेलो नाही. ती दोनदा थांबत रस्ता ओलांडून गेली, आधी प्योच्या समोरून, मग पलीकडच्या म्हाताऱ्यांच्या समोरून. त्यांच्यातला एक जण नकळत मागे सरकला होता. दुसऱ्याने त्याला कोपराने ढोसलं, तसा तो परत जागेवर आला. ती बसच्या दारात श्वास घ्यायला उभी राहिली, आम्ही सगळे राहतो तशीच.

बस गेल्यावर मी तिच्या घरी गेलो. चुलीचा वारा बंद करायचा होता, दार लावायचं होतं. उंबऱ्यापाशी तिचे घरात वापरायचे रबरी जोडे होते. घाईत काढलेले, तोंड बाहेर. ते आत वळवून ठेवणारं त्या घरात कुणी नव्हतं. पुरुषाने ते कधी करायचं नसतं, असंही काही ठरलेलं नाही. मला वाकायला फार दम लागतो. भिंतीला धरून वाकलो, दोन्ही जोडे उचलले, पुसले आणि आत तोंड करून ठेवले. एक किंचित तिरका राहिला होता. पुन्हा वाकलो.

फोटोत धूळ निघाली. मी तो फोटो पाहिला आहे. माझ्या फोटोशेजारी ठेवला तर बाई कोणती आणि पुरुष कोणता, कळणार नाही. तीच पांढरी बुंदी दोन्हीकडे. तिला काही आठवडे वॉर्डात ठेवलं, मग घरी ऑक्सिजनचं यंत्र दिलं. आता ती झोपते. पूर्ण बरी होणार नाही, आमच्यातलं कुणीच होत नाही. पण झोपते, आणि चढ उतरून येते. सेबोमने नंतर शेडमधल्या आणखी बायकांची नावं शोधून काढली. उरलेल्या थोड्याच होत्या. पुढच्या बसमध्ये पुढच्या बाकांवर त्याच बसल्या होत्या.

वहिनी परत आल्यावर आम्ही डुकराचं मांस भाजलं. डॉक्टर म्हणतो, चरबीने धूळ खाली उतरत नाही. उतरत नसेल. पण मांस चांगलं होतं. या खेपेला बायका पलीकडच्या खोलीत गेल्या नाहीत. वहिनी तव्याजवळ बसली होती, यंत्राची नळी कानामागून घेऊन.

प्योला एक गोष्ट मात्र सहन होत नव्हती. धुळीच्या रोगाच्या पायऱ्या ठरवतात. जितकी वरची पायरी, तितकी छाती भरलेली. वहिनीची पायरी त्याच्यापेक्षा वरची निघाली होती.

"हिला माझ्यापेक्षा वरची?" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "मी दगड फोडले खाली अंधारात. आणि ही वर उजेडात उभी राहून माझ्या पुढे?"

वहिनीने तव्यावरचा तुकडा उलटला. नीट भाजला आहे ना, पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही मधे एक दिवस घरी झोपला होतात ना. माझा खाडा नाही."

 मग पहिला प्योच हसला. हसता हसता त्याला खोकला आला, मग मला, मग तिला. तव्यावरचं मांस ओक्हुईने बाजूला घेतलं आणि आमचं होईपर्यंत ती थांबली.